हिरवं जाळं

काजूच्या तेलाने हात भाजतात, हे आमच्याकडे कोणाला नवीन नाही.
कारखान्यातल्या बायका राख लावतात, खोबरेल लावतात
आणि दुसऱ्या दिवशी परत टरफलं फोडायला बसतात.
म्हणून भामाच्या पाठीवर फोड आला
तेव्हा सगळ्यांनी तेलालाच शिव्या घातल्या.
तीच तेवढी म्हणाली, "पाठीन काजी कोण फोडता रे?"

त्याआधी तीन महिने तोंड आलेलं.
पेजेची निवळ, तीही थंड करून.
बांगड्याच्या कढीचा वास सुटला की उठून खळ्यात जायची.
वेंगुर्ल्याच्या डॉक्टरने नागिणीचं मलम दिलं,
घाड्याने नारळ मागितला.
फोडांना दोन्हीचं काही कळलं नाही.

मग बांबोळी.
डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर, धडधाकट कातडीवर,
अंगठा टेकवला, जरासा सरकवला.
उकडलेल्या आठळीचं साल सुटतं
तशी कातडी सुटली.
मी खिडकीकडे बघितलं.

नंतर त्यांनी सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला.
काळोखात हिरवं जाळं, आस न आस उजळलेला.
निवतीच्या बंदरात पस्तीस वर्षं जाळी विणतोय मी.
म्हटलं, "हे तर आमचंच."
म्हणाल्या, "पेशीला पेशी धरून ठेवणारी गाठ असते, डेस्मोग्लीन.
तिच्यावर जे येऊन बसलंय ते दिसतंय तुम्हाला."
मला वाटलं होतं जाळं चमकतंय.
चमकत होता गाठीगाठीवर बसलेला चोर.

आणि चोर घरचा.

रापणीत एकजण डोंगरीवर चढून पाण्याचा रंग बघतो.
त्याने टॉवेल फिरवला की होडी सुटते,
सगळा वाडा दोरीला लागतो,
त्याने काय पाहिलं ते कोणी विचारत नाही.
अंगातही असतो असा एक. टी पेशी म्हणतात.
त्याने कधीतरी भामाच्याच कातडीकडे टॉवेल फिरवला.
खाली बी पेशी तयारच होत्या.
त्यांनी गळ घडवले, लाखांनी,
सगळे एकाच मापाचे, त्या एका गाठीच्या.
"माघारी फिरा" म्हणणाऱ्याही काही पेशी असतात म्हणे.
त्या थोड्या पडल्या, की दमल्या होत्या,
की कोणी ऐकलंच नाही,
"हे अजून नीट माहीत नाही," असं बाईंनी स्वच्छ सांगितलं
आणि तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

"पण राग कसलो इलो त्यांका?" भामाने विचारलं.
"राग नसतो. ओळख चुकते."
भामा बराच वेळ गप्प. ओठ चिकटलेले.
मग म्हणाली, "राग असतो तर समजूत काढूक गावली असती."

चादर अंगाला चिकटायची.
म्हणून मी घरच्या केळीची पानं गोणपाटात बांधून नेली,
दांडे काढून, कोवळी तेवढी निवडून.
त्यावर तिला निजवलं.
आम्ही पानावर जेवणारी माणसं.
पानावर माणूस वाढलेलं पहिल्यांदा बघितलं.

मग ते इंजेक्शन, थेंबाथेंबाने, चार तास.
बी पेशी मारतं ते,
चुकलेल्या आणि न चुकलेल्या, सरसकट.
सगळा रापण संघच मोडीत काढला म्हणा ना.
हाडांच्या पोकळीतून नव्या येतील, सहा-आठ महिन्यांनी,
कोऱ्या येतील असा अंदाज,
कुठे लपून राहिलेल्या एखादीने
जुनी खूण कानात सांगितली नाही तर.

आता भामा पडवीत बसते.
फोडांच्या जागी काळे डाग, व्रण नाहीत,
वरवरचेच थर सुटले होते.
काल तिने तिरफळ घातलेल्या कढीत बोट बुडवलं,
जिभेला लावलं. डोळ्यांत पाणी.
"झोंबता," म्हणाली, आणि बोट परत बुडवलं.

रात्री समुद्र पेटला होता.
वल्हं मारलं की हिरवा जाळ उठतो आमच्याकडे, थंडी सरताना.
जाळं ओढलं तर आस न आस उजळलेला,
प्रत्येक गाठीवर ठिणगी.
मी ते होडीत घेतलं नाही.
दोरी मांडीवर धरून तसाच बसलो
आणि एकेक गाठ नखाने ओढून बघत राहिलो.